एकाच नावाच्या दोन-तीन युद्धनौका: फोटोतली नेमकी कोणती हे कसं ठरवायचं?

मचवा यांचा प्रश्न:

४ डिसेंबरच्या नौदल दिनाला आमच्या वाचनालयात भारतीय नौदलाच्या जहाजांच्या फोटोंचं प्रदर्शन लावायचं ठरलं आहे. फोटो वेगवेगळ्या ठिकाणांहून आले आहेत: जुन्या मासिकांची कात्रणं, लोकांनी दिलेले अल्बम, काही अलीकडच्या रंगीत छपाया. बहुतेकांच्या मागे फक्त जहाजाचं नाव लिहिलेलं आहे, आणि घोळ तिथेच आहे. एकच नाव दोन-दोन, तीन-तीन जहाजांना दिलेलं दिसतं. अडलेल्या जागा अशा:

१. 'तलवार' हे नाव १९४६ च्या नाविकांच्या उठावात येतं, १९६०-७० च्या फोटोंत येतं आणि आजच्या क्षेपणास्त्रवाहू फ्रिगेटलाही तेच नाव आहे. ही तीन जहाजं का?

२. १९७१ मध्ये बुडालेल्या पाकिस्तानी पाणबुडी गाझीच्या प्रकरणातली 'राजपूत' आणि ब्रह्मोसच्या चाचण्यांमधली 'राजपूत' एकच का?

३. 'खुकरी' १९७१ मध्ये बुडाली. मग दीवला लोक जी 'खुकरी' बघून येतात ती कोणती?

४. 'कलवरी वर्ग', 'निलगिरी वर्ग' (वर्ग म्हणजे एकाच रचनेच्या जहाजांचा गट) असं लिहिलं की एका पुस्तकात एक जहाज दिसतं आणि दुसऱ्या पुस्तकात भलतंच.

५. जुन्या आणि नव्या विक्रांतवर क्रमांकही तोच, आर ११. मग क्रमांकावर विसंबायचं की नाही?

ओळी छोट्या लिहायच्या आहेत, पण चुकीच्या नकोत. शाळेची मुलं त्या वहीत उतरवून घेतात.

---

होकायंत्र यांचं उत्तर:

मचवा, सुरुवातीला एक नियम करा: नाव कधीही एकटं लिहायचं नाही. प्रत्येक ओळीत नाव, नौदलात दाखल झाल्याचं वर्ष, बाजूवर रंगवलेला पेनंट क्रमांक आणि मूळ रचना किंवा प्रकल्प, या चार गोष्टी आल्या की गोंधळाला जागा उरत नाही. उदाहरणार्थ: "खुकरी (१९५८), एफ १४९, ब्लॅकवुड वर्गातील पाणबुडीविरोधी फ्रिगेट." दुसरी: "खुकरी (१९८९), पी ४९, क्षेपणास्त्रवाहू कॉर्व्हेट, बांधणी माझगाव डॉक." (कॉर्व्हेट म्हणजे फ्रिगेटहून लहान वर्गाची युद्धनौका.)

वर्ष कोणतं धरायचं हे आधी ठरवा आणि सगळीकडे तेच पाळा. ब्रिटिश पद्धतीच्या पुस्तकांत कंसातलं वर्ष जलावतरणाचं असतं, आपल्याकडच्या बातम्यांत ते नौदलात दाखल होण्याचं असतं. विक्रांतच्या बाबतीत हा फरक मोठा पडतो. पहिल्या विक्रांतचं जलावतरण सप्टेंबर १९४५ मध्ये ब्रिटिश नौदलाची 'हर्क्युलिस' म्हणून झालं. युद्ध संपलं, काम थांबलं, भारताने ती १९५७ मध्ये विकत घेतली आणि ४ मार्च १९६१ ला बेलफास्टमध्ये ती आपल्या नौदलात दाखल झाली. दुसऱ्या विक्रांतचं जलावतरण २०१३ चं आणि दाखल होणं २ सप्टेंबर २०२२ चं. एका ओळीत १९४५ आणि दुसरीत २०२२ लिहिलं तर तुलनाच चुकते. परक्या नौदलाकडून आलेल्या जहाजांना तर भारतीय सेवेत आल्याचंच वर्ष द्या. पहिली 'दिल्ली' ही क्रूझर १९३३ पासून 'अकिलीज' या नावाने चालत होती, १९३९ च्या रिव्हर प्लेटच्या लढाईत होती. पण 'दिल्ली' म्हणून तिचं वर्ष १९४८.

आता प्रश्नांकडे.

तलवार. १९४६ ची 'तलवार' हे जहाज नव्हतंच. कुलाब्याला रॉयल इंडियन नेव्हीचं संदेशवहनाचं प्रशिक्षण केंद्र होतं, त्याचं नाव 'एच.एम.आय.एस. तलवार' (एच.एम.आय.एस. म्हणजे 'हिज मॅजेस्टीज इंडियन शिप'). १८ फेब्रुवारी १९४६ ला उठाव तिथून सुरू झाला. नौदलात किनाऱ्यावरच्या तळांनाही जहाजासारखंच नाव आणि तोच उपसर्ग मिळतो. लोणावळ्याची 'आयएनएस शिवाजी' आणि मुंबईची 'आयएनएस आंग्रे' ही त्याचीच उदाहरणं. म्हणून उठावाच्या ओळीशेजारी फ्रिगेटचा फोटो लावू नका, ही चूक फार ठिकाणी दिसते. समुद्रावरच्या तलवारी दोन: १९५९ ची, एफ १४०, ब्रिटिश 'टाइप १२' फ्रिगेट, आणि २००३ ची, एफ ४०, रशियात बांधलेली.

राजपूत. दोन वेगळी जहाजं. ३-४ डिसेंबर १९७१ च्या रात्री विशाखापट्टणमबाहेर डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) टाकणारी राजपूत म्हणजे डी १४१. ती मूळची ब्रिटिश विनाशिका 'रॉदरहॅम', १९४९ मध्ये आपल्याकडे आली. ब्रह्मोसच्या चाचण्यांची राजपूत म्हणजे डी ५१, सोव्हिएत बांधणीची, ४ मे १९८० ला दाखल, २१ मे २०२१ ला निवृत्त. २०२१ मध्ये तिच्या निरोपाच्या वेळी समाजमाध्यमांवर "गाझी बुडवणारी राजपूत निवृत्त" असे संदेश फिरले. ते चूक आहेत. गाझीच्या वेळी डी ५१ नौदलात नव्हती.

खुकरी. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर'ने बुडवलेली खुकरी एफ १४९. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. ती समुद्राच्या तळाशी आहे. दीवला दोन गोष्टी आहेत आणि लोक त्या एकत्र करतात. एक म्हणजे हुतात्म्यांचं स्मारक, तिथे काचेच्या पेटीत जुन्या खुकरीची प्रतिकृती आहे. दुसरी म्हणजे प्रत्यक्ष जहाज, ती १९८९ ची खुकरी, पी ४९. ती २३ डिसेंबर २०२१ ला विशाखापट्टणमला निवृत्त झाली आणि नंतर संग्रहालयासाठी दीव प्रशासनाला दिली गेली. फोटोत काच दिसली तर प्रतिकृती १९५८ च्या जहाजाची, आणि खरा पोलादी सांगाडा दिसला तर १९८९ चं जहाज.

या दोघींना वेगळं करायला तोफ बघा. जुनीवर ४० मि.मी.च्या छोट्या बोफोर्स तोफा होत्या, क्षेपणास्त्र नव्हतं. नवीच्या नाळेवर (पुढच्या टोकावर) ७६ मि.मी.ची एक तोफ आणि तिच्या मागे दोन्ही बाजूंना जाड नळकांड्यांसारखे क्षेपणास्त्रांचे प्रक्षेपक. आकारावरून ओळखायला जाऊ नका, जुनी सुमारे ९४ मीटर आणि नवी सुमारे ९१ मीटर लांब.

---

नांगरदोर यांचं उत्तर:

होकायंत्र यांनी चार गोष्टी सांगितल्या, त्यातल्या पेनंट क्रमांकावर जरा सविस्तर लिहितो, कारण मचवांचा पाचवा प्रश्न तोच आहे.

भारतीय नौदलाने बऱ्याच ठिकाणी नावाबरोबर क्रमांकही पुढच्या जहाजाला दिला, फक्त अलीकडचे क्रमांक दोन आकडी झाल्यामुळे पुढचा १ गळाला. तलवार एफ १४० ची एफ ४०, त्रिशूल एफ १४३ ची एफ ४३, बियास एफ १३७ ची एफ ३७, बेटवा एफ १३९ ची एफ ३९. खुकरीच्या कुटुंबात अक्षरही बदललं, कारण फ्रिगेटची जागा कॉर्व्हेटने घेतली: खुकरी एफ १४९ ची पी ४९, कृपाण एफ १४४ ची पी ४४, कुठार एफ १४६ ची पी ४६. म्हैसूर क्रूझर होती तेव्हा सी ६०, विनाशिका झाली तेव्हा डी ६०. ही जुळणी योगायोगाने झालेली नाही. फोटोत फक्त '४९' दिसत असेल तर डावीकडे १ आहे का ते भिंगाने बघा. एवढ्यावर निकाल लागतो.

जिथे क्रमांक जसाच्या तसा आला तिथे मात्र त्याचा उपयोग शून्य. विक्रांत आर ११ आणि आर ११. निलगिरी कुटुंबातही तसंच: निलगिरी ३३, हिमगिरी ३४, उदयगिरी ३५, दुनागिरी ३६, तारागिरी ४१, विंध्यगिरी ४२, ब्रिटिश 'लिअँडर' रचनेच्या जुन्या फ्रिगेटचेही हेच आणि नव्या '१७ अल्फा' प्रकल्पातल्या फ्रिगेटचेही हेच. तिथे जहाजाचा आकार बघावा लागतो. जुनी निलगिरी (१९७२) ११३ मीटरची, भरलेलं वजन ३,००० टनांच्या आसपास. नवी (२०२५) १४९ मीटर आणि सुमारे ६,६७० टन. जुनीच्या नाळेवर ११४ मि.मी.च्या दोन नळ्यांचा गोलसर मनोरा, मधोमध उभं धुराडं, सगळीकडे जाळीदार सामान उघड्यावर. नवीच्या बाजू आतल्या अंगाला कललेल्या, रडारला कमी दिसावं म्हणून होड्या आणि प्रक्षेपक झाकलेले.

आणि काही ठिकाणी क्रमांक सरळ फसवतो. डी १४१ राजपूत आणि डी ५१ राजपूत यांचा क्रमांकाने काही संबंध नाही. गोदावरी डी ९२ होती ती पुढे एफ २० झाली. पाणबुड्यांचं तर विचारूच नका, त्यावर कुणीतरी वेगळं लिहा.

गोदावरीबद्दल एक इशारा. या नावाची तीन जहाजं आहेत. पहिली 'एच.एम.आय.एस. गोदावरी' ही दुसऱ्या महायुद्धातली स्लूप (छोटी संरक्षक युद्धनौका), ती फाळणीत पाकिस्तानच्या वाट्याला गेली आणि तिचं नाव 'सिंध' झालं. दुसरी १९५३ ची छोटी विनाशिका, मूळची 'बेडेल'. तिसरी माझगावला बांधलेली, १० डिसेंबर १९८३ ला दाखल झालेली फ्रिगेट, जिच्यावर दोन सी किंग हेलिकॉप्टर मावत. महायुद्धातल्या गोदावरीचा फोटो भारतीय नौदलाच्या 'पहिल्या पिढीत' लावायला हरकत नाही, पण पुढे ती कुठे गेली हे लिहा.

जुन्या कागदांत नावांची वळणंही इंग्रजांची आहेत. 'किस्तना' म्हणजे कृष्णा, 'जमना' म्हणजे यमुना, 'कॉव्हरी' म्हणजे कावेरी. ही नवी जहाजं समजून वेगळ्या ओळीत टाकू नका.

---

डोलकाठी यांचं उत्तर:

वर्ष लिहिलेलं नाही आणि क्रमांकही दिसत नाही, अशा फोटोंसाठी ध्वज बघा. नौदलाचा ध्वज पाच-सहा वेळा बदलला आहे आणि प्रत्येक बदलाची तारीख पक्की आहे.

२६ जानेवारी १९५० च्या आधी ब्रिटिशांचा पांढरा ध्वज, त्यावर लाल क्रॉस, कोपऱ्यात युनियन जॅक. या काळात जहाजाच्या नावापुढे 'एच.एम.आय.एस.' असायचं, स्वातंत्र्यानंतरही प्रजासत्ताक होईपर्यंत तेच चाललं. १९५० पासून लाल क्रॉस तोच, कोपऱ्यात तिरंगा. १५ ऑगस्ट २००१ ला क्रॉस गेला, पांढऱ्यावर निळं नौदलचिन्ह आलं. लांबून निळं चिन्ह आभाळाच्या आणि समुद्राच्या रंगात मिसळतं अशा तक्रारी झाल्या, आणि २५ एप्रिल २००४ ला लाल क्रॉस परत आला, या वेळी मध्ये सोनेरी राजमुद्रेसह. २०१४ मध्ये त्या सिंहांखाली 'सत्यमेव जयते' जोडलं. २ सप्टेंबर २०२२ ला क्रॉस कायमचा गेला. आता निळा अष्टकोन आहे, सोनेरी दुहेरी कड, आत नांगर, खाली 'शं नो वरुणः'. अष्टकोनाचा आकार छत्रपती शिवाजी महाराजांच्या मुद्रेवरून घेतला आहे.

विक्रांतचा प्रश्न इथे एका नजरेत सुटतो. जुनी विक्रांत १९६१ ते ३१ जानेवारी १९९७ पर्यंत सेवेत होती, म्हणजे तिच्यावर लाल क्रॉस आणि कोपऱ्यात तिरंगा एवढंच दिसेल. नवी विक्रांत दाखल झाली त्याच समारंभात नवा ध्वज जाहीर झाला, म्हणून तिच्यावर अष्टकोनाशिवाय दुसरा नौदलध्वज असूच शकत नाही.

एकच काळजी घ्या. बंदरात उभ्या जहाजावर दोन झेंडे असतात. मागच्या टोकाच्या काठीवर नौदलध्वज आणि नाळेवरच्या काठीवर तिरंगा. काळ ठरवायचा तर मागचा बघा.

कृष्णधवल फोटोत २००१ आणि २०२२ चे ध्वज सारखे भासतात, कारण दोन्हीत क्रॉस नाही. पण २००१ चा ध्वज जेमतेम पावणेतीन वर्षं चालला आणि तोवर बहुतेक फोटो रंगीत झाले होते.

---

पाणकणीस यांचं उत्तर:

पाणबुड्यांचं मी घेतो, कारण 'कलवरी वर्ग' या शब्दाने सर्वांत जास्त नुकसान इथेच केलं आहे.

पहिली कलवरी ८ डिसेंबर १९६७ ला सोव्हिएत संघातल्या रिगा इथे दाखल झाली. आपला पाणबुडी दिन ८ डिसेंबर तो यामुळेच. त्या मालिकेत कलवरी, खांदेरी, करंज आणि कुरसुरा. त्यानंतर १९७३-७४ मध्ये दुसऱ्या मालिकेत वेला, वागीर, वागली, वागशीर. या आठही 'फॉक्सट्रॉट' रचनेच्या. माझगाव डॉकला फ्रेंच स्कॉर्पीन रचनेच्या सहा बांधल्या, त्यांना यातलीच सहा नावं दिली:

कलवरी: जुनी १९६७ ते १९९६, नवी १४ डिसेंबर २०१७ पासून.
खांदेरी: जुनी १९६८ ते १९८९, नवी २८ सप्टेंबर २०१९ पासून.
करंज: जुनी १९६९ ते २००३, नवी १० मार्च २०२१ पासून.
वेला: जुनी १९७३ ते २०१०, नवी २५ नोव्हेंबर २०२१ पासून.
वागीर: जुनी १९७३ ते २००१, नवी २३ जानेवारी २०२३ पासून.
वागशीर: जुनी १९७४ ते १९९७, नवी १५ जानेवारी २०२५ पासून.

कुरसुरा आणि वागली ही नावं या सहांत नाहीत. कुरसुरा विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे.

म्हणून नुसतं 'कलवरी वर्ग' न लिहिता 'फॉक्सट्रॉट' किंवा 'प्रोजेक्ट ७५, स्कॉर्पीन' असं लिहा. निलगिरीसाठी 'लिअँडर' आणि '१७ अल्फा'. अर्नाळा आणि कामोर्टा या नावांनाही हेच लागू आहे, कारण १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून आलेली सोव्हिएत 'पेट्या' जहाजं आणि आजची जहाजं दोन्ही त्याच नावांनी वर्ग म्हणून ओळखली जातात. जुना कामोर्टा पेट्या, नवा (२०१४) प्रोजेक्ट २८.

क्रमांकाचा सापळा असा: जुन्यांत करंज एस २१, खांदेरी एस २२, कलवरी एस २३. नव्यांत कलवरी एस २१, खांदेरी एस २२, करंज एस २३. म्हणजे फक्त खांदेरीचा क्रमांक जुळतो, आणि 'एस २१' बघून नाव लिहिलं तर अर्ध्या वेळा चुकेल.

फोटोवरून ओळखायला मात्र या सोप्या आहेत. फॉक्सट्रॉट ९१ मीटर लांब, स्कॉर्पीन ६७.५ मीटर. नवी मोठीच असणार असं गृहीत धरू नका, इथे नवी जवळपास पाव हिस्स्याने आखूड आहे. पाण्याबाहेर उभा राहणारा मधला मनोरा बघा: त्याला दोन्ही बाजूंना आडवे पंख असतील तर स्कॉर्पीन, नसतील तर फॉक्सट्रॉट. गोदीतला मागून घेतलेला फोटो असेल तर पंखे मोजा. फॉक्सट्रॉटला तीन, स्कॉर्पीनला एक. टॉर्पेडोच्या नळ्या फॉक्सट्रॉटला दहा, सहा पुढे आणि चार मागे. स्कॉर्पीनला सहा, सगळ्या पुढे.

मुलांसाठी ओळ लिहिताना खांदेरीला थोडी जास्त जागा द्या. अलिबागजवळच्या थळसमोरच्या ज्या बेटावर महाराजांनी १६७९ मध्ये किल्ल्याचं काम सुरू केलं आणि इंग्रजांनी जे थांबवायचा जंगजंग पछाडून प्रयत्न केला, त्याचं हे नाव. पहिली खांदेरी रिग्यात नौदलात आली होती, दुसरी माझगावला बांधली गेली. मुंबई बंदरातून बाहेर पडताना तो किल्ला वाटेवरच आहे.

---

मचवा:

सगळ्यांचे मनापासून आभार. पन्नासएक फोटोंचं वर्गीकरण या माहितीवर पुढे सरकलं. अजून तीन अडचणी.

एक, ही नावं पुन्हा कोण देतं आणि बुडालेल्या जहाजाचं नाव अपशकुनी मानत नाहीत का, असं दोन सभासदांनी विचारलं.

दोन, एका फोटोमागे "बेटवा, गोवा मुक्ती, १९६१" लिहिलं आहे, पण बाजूवर एफ ३९ स्पष्ट दिसतं.

तीन, विक्रांतचे चार फोटो आहेत, सगळे जुन्या विक्रांतचेच आहेत हे ध्वजावरून कळलं. त्यांचा आपसातला क्रम कसा लावू?

---

होकायंत्र:

नावांसाठी नौदल मुख्यालयात अंतर्गत नामकरण समिती असते. प्रकारानुसार ठरलेली घराणी आहेत: विनाशिकांना शहरांची किंवा योद्ध्यांची, फ्रिगेटना पर्वतांची, नद्यांची किंवा शस्त्रांची, पाणबुडीविरोधी छोट्या जहाजांना बेटांची. जुनं जहाज निवृत्त झालं की त्याचं नाव मोकळं होतं, एकाच वेळी दोन जहाजं एका नावाने सेवेत नसतात. म्हणूनच दोघींमध्ये नेहमी रिकामा काळ दिसतो, दिल्लीच्या बाबतीत १९७८ ते १९९७.

नाव जलावतरणाच्या वेळी मिळतं, पण 'आयएनएस' हा उपसर्ग दाखल होण्याच्या समारंभानंतरच. त्याआधी गोदीत ते यार्ड क्रमांकाने ओळखलं जातं. नवी निलगिरी माझगावला 'यार्ड १२६५१' होती. २०२४ पर्यंतच्या फोटोखाली 'आयएनएस निलगिरी' लिहिलं तर ते काळाच्या पुढे होईल, नुसतं 'निलगिरी' लिहा.

अपशकुनाचं म्हणाल तर नौदलाची रीत नेमकी उलटी आहे. खुकरी बुडाल्यावर अठरा वर्षांच्या आत ते नाव परत समुद्रावर आणलं आणि त्या अख्ख्या वर्गाला तेच नाव दिलं. विंध्यगिरी जानेवारी २०११ मध्ये मुंबई बंदराच्या वाटेवर एका मालवाहू जहाजाशी टक्कर होऊन, आग लागून गोदीत बुडाली. तिचं नाव ऑगस्ट २०२३ मध्ये कोलकात्याला नव्या फ्रिगेटला दिलं गेलं. जे जहाज लढताना गेलं त्याचं नाव टाकून देणं म्हणजे त्याच्या माणसांना विसरणं, आणि नौदल तसं करत नाही. हे तुमच्या सभासदांना जरूर सांगा.

नावाबरोबर बोधवाक्यही येतं. 'जयेम सं युधि स्पृधः' हे ऋग्वेदातलं वाक्य दोन्ही विक्रांतचं. १९६१ च्या विक्रांतची घंटा २०२३ मध्ये नव्या विक्रांतकडे पाठवण्यात आली.

---

नांगरदोर:

बेटवा: मागचं लिखाण चुकीचं आहे, फोटो चुकीचा नाही. एफ ३९ म्हणजे २००४ ची बेटवा. १८ डिसेंबर १९६१ ला बियाससोबत मुरगाव बंदरात पोर्तुगीज युद्धनौका 'अफोन्सो द आल्बुकर्क'वर मारा करणारी बेटवा एफ १३९ होती. तिच्यावर पुढे एक आणि मागे एक असे दोन मनोरे, प्रत्येकात ११४ मि.मी.च्या दोन तोफा. तुमच्या फोटोत पुढे एकाच नळीची ७६ मि.मी.ची तोफ असणार आणि मागे हेलिकॉप्टरचा हँगर. खात्रीसाठी मागचा भाग बघा, १९६१ च्या बेटवावर हेलिकॉप्टर उतरायला जागाच नव्हती. त्याच मोहिमेत अंजदीव बेटाच्या बाजूला म्हैसूर आणि त्रिशूल होत्या. त्याही पहिल्या पिढीतल्या, सी ६० आणि एफ १४३.

कोरड्या गोदीत कुशीवर आडवी पडलेली बेटवा असा फोटो आला तर तो डिसेंबर २०१६ चा, मुंबईचा, नव्या बेटवाचा. तो १९७१ च्या युद्धातलं नुकसान म्हणून फिरतो, तिथे लावू नका. त्या अपघातात दोन नौसैनिक गेले.

---

डोलकाठी:

विक्रांतचा क्रम डेकच्या पुढच्या टोकावरून लावा. टोक सपाट आणि त्यावर वाफेच्या कॅटपल्टची (विमानाला झेप घ्यायला ढकलणाऱ्या यंत्राची) लांब सरळ खाच असेल तर १९६१ ते १९८० च्या दशकाचा पूर्वार्ध. टोक वर उचललेलं, घसरगुंडीसारखं असेल तर सी हॅरियरसाठी केलेल्या बदलांनंतरचा, म्हणजे १९८० च्या दशकाच्या शेवटापासून १९९७ पर्यंत. त्यातही विमानं बघा. सी हॉक सरळ पंखांचं छोटं जेट, अलिझे पुढे पंखा असलेलं. १९७१ च्या डिसेंबरमध्ये कॉक्सबाजार आणि चितगाववर हीच दोन गेली. सी हॅरियर दिसलं तर १९८३ नंतरचा फोटो.

डेकवर विमान नाही, नौदलध्वज नाही आणि शाळेच्या मुलांची रांग आहे, असा फोटो असेल तर तो २००१ ते २०१२ मधला, मुंबईत ती संग्रहालय होती तेव्हाचा. त्या ओळीत 'आयएनएस' लिहू नका. निवृत्तीनंतर तो उपसर्ग जातो, तेव्हा ती 'आयएमएस (इंडियन म्युझियम शिप) विक्रांत' होती. आणि कापलेला सांगाडा दिसत असेल तर तो मुंबईत जहाजं मोडतात त्या दारूखान्याचा, २०१४-१५ चा.

लांबी लिहायची तर जुनी २१३ मीटर, नवी २६२. वजन लिहिताना दोन्हींचं पूर्ण भरलेलं वजनच द्या: जुनी १९,५०० टन, नवी सुमारे ४३,०००. जुनीचा १६,००० हा आकडा पुस्तकांत सापडतो तो 'स्टँडर्ड' वजनाचा, इंधन न धरता केलेला. तो नवीच्या भरलेल्या वजनाशेजारी ठेवला की फरक उगाच फुगतो.

---

पाणकणीस:

मचवा, छपाईला देण्याआधी यादी क्रमांकाने नाही, दाखल झाल्याच्या तारखेने लावून एकदा वाचा. एकाच नावाची दोन जहाजं एकाच वेळी सेवेत दिसली तर तिथे नक्की चूक आहे: तारीख चुकली असेल, नाहीतर त्यातलं एक किनाऱ्यावरचा तळ असेल. 'मुंबई'पाशी विशेष बघा. डी ६२ ही विनाशिका २००१ ची. १९४२ ची 'एच.एम.आय.एस. बॉम्बे' ही सिडनीत बांधलेली सुरुंगशोधक नौका होती, तिच्याखाली 'मुंबई' लिहिलेलं चालणार नाही, तिचं त्या काळचं नावच ठेवा.